बाहेर उणे ४० : गाडीच्या ऑटोमॅटिक एसीतला विजेचा बिघाड कसा शोधतात

मे महिन्यातली दुपार होती. परभणीतून जिंतूर रोडला लागलो तेव्हा मामांच्या गाडीचा ब्लोअर पूर्ण जोरात चालू होता, आणि जाळीतून येणारा वारा भट्टीसमोर बसल्यासारखा गरम होता. मागच्या सीटवर आजी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसली होती.

"दोनदा गॅस भरला," मामा म्हणाले. "आता कॉम्प्रेसरच गेलाय म्हणतेत. पुढच्या महिन्यात बघू."

माझं लक्ष डॅशबोर्डवरच्या एका आकड्याकडं गेलं. बाहेरचं तापमान : उणे ४०.

"मामा, हे असं कधीपासून दिसतंय?"

"महिना झाला असंल. त्याचा अन् एसीचा काय संबंध?"

सगळा संबंध तिथंच होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आहे असा गाडीचा समज झाला होता, आणि तेवढ्या थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही हे तिला कारखान्यातच शिकवलेलं असतं. त्यामुळं ती कॉम्प्रेसरला सुरू व्हायचा हुकूमच देत नव्हती. गॅस पुरेसा होता, कॉम्प्रेसर धडधाकट होता. मामांचे पैसे आणि आजीची ती दुपार, दोन्ही विनाकारण गेले होते. हे पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख.

विषय आता फक्त कारवाल्यांचा राहिलेला नाही. नव्यानं तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या केबिनला २०२५ मध्ये एसी सक्तीचा झाला आहे. धुळे-सोलापूर रस्त्यावर गेवराई-बीडच्या उन्हात गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरला तो कधीच मिळायला हवा होता. पण एसी वाढले की त्यांचे बिघाडही वाढणार, आणि त्यातले बरेच विजेचे असणार.

## थंड कोण करतं आणि ठरवतं कोण

थंड करण्याचं काम सगळ्या एसीत एकच. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरच्या पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, त्यातली उष्णता बाहेर टाकते, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तोच गॅस पसरून गार होतो. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा आपल्या तोंडावर फेकतो. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरच्या पुलीवर एक विजेचा क्लच असतो. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की लोहचुंबक तयार होतं, प्लेट टक् आवाज करून चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो.

साध्या एसीत ठरवणारे आपण असतो. ऑटोमॅटिक एसीत आपण फक्त "२४ अंश" सांगतो आणि बाकीचं एक छोटा संगणक ठरवतो. त्याला पुढं कंट्रोल युनिट म्हणू. ही सोय १९६४ साली कॅडिलॅक गाड्यांत पहिल्यांदा आली. आज ती आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही सर्रास आहे.

या कंट्रोल युनिटला स्वतःला काहीच दिसत नाही. नाथसागरातून डाव्या कालव्याला पाणी सोडणारा माणूस पैठणला बसतो. परभणीकडच्या शेवटच्या चारीत पाणी पोचलं की नाही हे त्याला निरोपावरूनच कळतं. निरोप चुकीचा आला, तर गेट आणि कालवा दोन्ही ठीक असूनही पीक वाळतं. गाडीत निरोप्याचं काम सेन्सर करतात. एक पुढच्या बंपरमागं बाहेरचं तापमान मोजतो, एक डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागं आतलं, तिसरा काचेखाली ऊन किती पडतंय ते, चौथा कूलिंग कॉइल किती गार झाली ते आणि पाचवा गॅसचा दाब. हे ऐकून कंट्रोल युनिट ब्लोअरचा वेग ठरवतं, डॅशबोर्डमागच्या छोट्या मोटरींनी गार-गरम हवेच्या झडपा हलवतं आणि क्लच जोडायचा की सोडायचा ते इंजिनच्या संगणकाला विचारून ठरवतं.

म्हणजे एसी थंड करत नसेल तर तीन शक्यता आहेत. निरोप चुकला, हुकूम पोचला नाही, किंवा हुकूम पोचूनही काम करणारा पार्ट खरंच मेला. गॅरेजात बहुतेक वेळा तिसऱ्या शक्यतेपासून सुरुवात होते, आणि तीच सगळ्यात महाग असते.

## उणे ४० येतं कुठून

तापमानाचे हे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. गरम झाला की त्याचा विरोध कमी होतो, म्हणजे वीज सोपी जाते. गार झाला की विरोध वाढतो.

ठिबकची लाइन डोळ्यांपुढं आणा. टाकीतून येणाऱ्या पाण्याच्या वाटेत एक अरुंद नळी आहे, तिच्या पुढं दाबाचा काटा, आणि शेवटी एक तोटी. तोटी जास्त उघडली की काटा खाली येतो, कमी उघडली की वर जातो. इथं टाकी म्हणजे कंट्रोल युनिटनं दिलेले ५ व्होल्ट, अरुंद नळी म्हणजे युनिटच्या आतला ठरावीक विरोध, आणि तोटी म्हणजे थर्मिस्टर. काट्यावरचे व्होल्ट बघून युनिट तापमान ओळखतं. व्होल्ट कमी म्हणजे गरम, जास्त म्हणजे गार.

आता तार तुटली असं समजा. तोटी पूर्ण बंद झाल्यासारखी झाली आणि काटा थेट ५ व्होल्टवर गेला. युनिट त्याचा अर्थ "जितकं थंड असू शकतं तितकं थंड" असा घेतं, आणि त्याच्या कोष्टकाचं शेवटचं टोक बऱ्याच गाड्यांत उणे ४० असतं. याउलट दोन तारा सोलून एकमेकींना चिकटल्या तर काटा शून्यावर येतो आणि युनिटला प्रचंड गरम वाटतं. काही गाड्या असा अशक्य आकडा ओळखून त्याजागी नुसत्या रेघा दाखवतात.

यातूनच एक साधी तपासणी निघते, आणि दोन तारांच्या थर्मिस्टरला ती चालते. सेन्सरचा कपलर, म्हणजे तारांचा प्लग, काढा आणि वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन टोकांना छोट्या तारेनं जोडा. आकडा एकदम वरच्या टोकाला उडाला, तर वायरिंग आणि युनिट दोन्ही ठीक आहेत, सेन्सर बदला. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर बसवूनही तो हलणार नाही. दोष बहुधा मधल्या तारेत असतो, क्वचित युनिटमध्ये. डॅशबोर्डवरचा आकडा गाडी मुद्दाम सावकाश बदलते, म्हणून ही तपासणी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, बघितलेली बरी.

## बिघाड कधी होतो, हे आधी सांगा

"एसी चालत नाही" एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. कधी चालत नाही, हे सांगितलं की अर्धा शोध झालेला असतो.

गाडी रस्त्यावर पळताना गार वारा येतो आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, तर नजर कंडेन्सरच्या पंख्याकडं जायला हवी. पळताना समोरचा वारा कंडेन्सर गार ठेवतो, उभ्या गाडीत ते काम पंख्यालाच करावं लागतं. पंखा फिरत नसेल तर गॅसचा दाब चढतो आणि दाबाचा सेन्सर कॉम्प्रेसर सोडायला लावतो. पंख्याचा फ्यूज, रिले (हुकूम मिळाला की वीज जोडणारा स्विच), मोटर आणि अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची तार) तपासायचे. कापसाच्या हंगामात सेलू-मानवतकडं फिरणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर तंतू आणि धुळीचा थर बसतो, तो आधी पाण्यानं धुवावा.

सकाळी छान चालतो, दुपारी दोनला बंद पडतो, संध्याकाळी पुन्हा आपोआप चालू होतो. हे आमच्याकडं फार होतं आणि इथं हमखास गॅस भरला जातो. यात क्लचवर संशय घ्यायचं कारण असं. क्लचची कॉइल तांब्याची असते, आणि तांबं एका अंशानं तापलं की त्याचा विरोध सुमारे ०.४ टक्क्यानं वाढतो. कॉइलचा विरोध ४ ओम असेल तर १२ व्होल्टवर ३ अँपिअर वीज जाते. बॉनेटखाली ती ८० अंशांनी तापली की विरोध सव्वापाच ओमांच्या आसपास जातो आणि वीज २.३ अँपिअरवर येते. चुंबकाची ओढ विजेच्या वर्गाच्या (वीज गुणिले वीज) प्रमाणात बदलते, त्यामुळं ती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. त्यात प्लेट झिजून मधली फट वाढलेली असेल, तर चुंबकाला प्लेट ओढताच येत नाही. गार झाल्यावर पुन्हा ओढता येते. अशा वेळी इंजिन बंद करून फिलर गेजनं फट मोजायची. बऱ्याच क्लचमध्ये ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते, नेमका आकडा त्या गाडीचा बघायचा. कित्येकदा एक पातळ वायसर कमी केला की काम होतं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण याच एका लक्षणावर चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

तासभर गार वारा येतो, मग वाऱ्याचा जोरच कमी होत जातो, गाडी अर्धा तास उभी केली की पुन्हा ठीक. म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. कॉइलचं तापमान शून्याकडं निघालं की कॉम्प्रेसर थांबवायचं काम ज्या सेन्सरचं, तो "अजून गरमच आहे" असा निरोप देतोय.

आत गारठा पडला तरी ब्लोअर कमी होत नसेल, तर आतल्या तापमानाचा सेन्सर बघा. त्याच्या जाळीतून थोडी हवा सतत आत ओढली जावी लागते. कुठं त्यासाठी इवलासा पंखा असतो, कुठं नळी. जाळी धुळीनं बुजली किंवा नळी निसटली की सेन्सर माणसांभोवतीच्या हवेऐवजी तापलेल्या डॅशबोर्डचं तापमान सांगत राहतो. जाळीवर टिश्यूपेपरचा लहान तुकडा धरून बघा. ब्लोअर चालू असताना तो अलगद ओढला जायला हवा.

ड्रायव्हरकडं गार आणि शेजारी गरम, किंवा डॅशबोर्डमागून सतत टिकटिक, म्हणजे झडपेच्या मोटरीचा प्लॅस्टिकचा दाता तुटला असण्याची शक्यता मोठी. बॅटरी नुकतीच काढली असेल तर मात्र थांबा. काही गाड्यांत बॅटरी जोडल्यावर झडपा आपली दोन्ही टोकं पुन्हा मोजून घेतात, त्या मिनिटभरात बटणं दाबली की त्या गोंधळतात.

## "१२ व्होल्ट तर येतायत की!"

वायरमनकडून हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. मीटर लावला, १२ दाखवले, म्हणजे वायर ठीक. हा निष्कर्ष किती फसवा आहे हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. शेतपंपाच्या स्टार्टरवरच्या मीटरला व्होल्टेज भरपूर दिसतं, बटण दाबलं आणि मोटर ओढायला लागली की काटा धाडकन खाली येतो. लोड नसताना दिसणारं व्होल्टेज लोड आल्यावर टिकेल याची खात्री नसते.

गाडीतही तेच. क्लचकडं जाणारी तार एका जागी गंजून तिच्यात २ ओमांचा विरोध तयार झाला आहे असं धरू. कपलर काढून मीटर लावला तर मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, म्हणून पूर्ण १२ दिसतात. कपलर जोडला की ४ ओमांची कॉइल आणि २ ओमांचा गंज मिळून ६ ओम होतात, वीज २ अँपिअरच जाते आणि कॉइलला मिळतात फक्त ८ व्होल्ट. उरलेले ४ व्होल्ट गंज खातो आणि गरम होतो.

म्हणून मोजायचं ते कपलर जोडलेला असताना, एसी चालू करून, क्लचला हुकूम गेलेला असताना. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी क्लचच्या प्लसच्या टोकाला, कपलरच्या मागच्या बाजूनं. इथं जे व्होल्ट दिसतात ते वाटेत हरवलेले. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर वाटेतला रिले, फ्यूजची पकड, जोड, एकेक टप्पा मोजत पुढं सरकायचं. मग हेच बॅटरीच्या मायनसपासून क्लचच्या अर्थपर्यंत. अर्थकडं कुणी बघत नाही, पण बॉडीला कसलेल्या त्या एका बोल्टखाली गंज चढला की क्लच, ब्लोअर आणि सेन्सर एकाच दिवशी वेड्यासारखे वागायला लागतात. एकाच वेळी तीन पार्ट सहसा मरत नाहीत. तिघांचा समाईक धागा शोधायचा.

जड ट्रकमध्ये बहुतेक सगळं २४ व्होल्टवर चालतं. आकडे बदलतात, पद्धत हीच राहते.

## स्कॅनर लावला की कळत नाही का?

कळतं, पण जेवढं वाटतं तेवढं नाही. स्वस्तातली मोबाइलला जोडायची यंत्रं बहुधा इंजिनच्या बिघाडाचेच कोड वाचतात. एसीचे कोड बहुतेक वेळा बॉडीच्या गटात, बी अक्षरानं सुरू होणारे असतात. त्यासाठी त्या कंपनीचं कंट्रोल युनिट वाचू शकणारा स्कॅनर लागतो.

कोड आला तरी तो पार्टचं नाव घेत नाही. "बाहेरच्या तापमानाचं सर्किट, व्होल्टेज जास्त" असा कोड आला तर त्यात सेन्सर, कपलर, दोन तारा, अर्थ आणि युनिट एवढे संशयित आहेत. गावात चोरी कुठल्या गल्लीत झाली ते कळलं, चोर अजून शोधायचाय.

उन्हाच्या सेन्सरचं एक उदाहरण कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे. काही गाड्यांची तपासणी पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये केली की तो सेन्सर बिघडल्याचा कोड येतो. उजेडच नाही म्हटल्यावर तो निरोप कशाचा देणार? गाडी उन्हात काढा, कोड जातो.

कोडपेक्षा मला स्कॅनरवरचे चालू आकडे जास्त मोलाचे वाटतात. रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी घ्या. पहाटे इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा आणि बाहेरचं, आतलं, कूलिंग कॉइलचं, इंजिनच्या पाण्याचं अशी चारही तापमानं बघा. चारही जवळपास सारखी हवीत, कारण रात्रभरात सगळं एकाच हवेत निवलेलं असतं. जो एकटा आठ-दहा अंशांनी वेगळा बोलतोय, त्याच्यापासून सुरुवात करा. एक पैसा खर्च न होता पाच मिनिटांत ही तपासणी होते.

## पण गॅस खरंच कमी असेल तर?

असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोही. गॅस बघूच नये असं माझं म्हणणं नाही. तो न मोजता भरू नये असं म्हणणं आहे. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

गॅस फार कमी झाला की दाबाचा सेन्सर कॉम्प्रेसर बंद ठेवतो. गॅससोबत फिरणारं तेल कॉम्प्रेसरपर्यंत पोचलं नाही तर तो जाम होईल, म्हणून ही काळजी. जुन्या गाड्यांत या दाबाच्या स्विचला बायपास करून "बघा, चालू झाला" म्हणणारे असतात. त्यातून कॉम्प्रेसर खरोखर मरतो. नव्या तीन तारांच्या सेन्सरला असा बायपास करताच येत नाही. आणखी एक, काही गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. तो कायम फिरतो आणि आतली विजेची झडप त्याचं काम कमी-जास्त करते. तिथं टक् आवाज आला नाही म्हणून क्लच गेला असं कुणी सांगितलं, तर दुसरं गॅरेज बघावं.

## एवढं शोधण्यापेक्षा पार्टच बदलला तर?

ब्लोअरचं उदाहरण घ्या. ऑटोमॅटिक एसीत ब्लोअरचा वेग एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सांभाळतं. ते जळालं, नवीन बसवलं, चार महिन्यांत तेही जळालं. कारण मोटर झिजून जड फिरत होती आणि ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. बसवण्याआधी क्लॅम्प मीटरनं मोटरचे अँपिअर मोजले असते तर हे लगेच कळलं असतं. कपलर काळा पडलाय किंवा प्लॅस्टिक वितळलंय, हेही त्याचंच चिन्ह.

## घरी हात कुठं लावावा, कुठं नाही

फ्यूज बघणं, कपलर हलवून बघणं, उंदरांनी तारा कुरतडल्यात का हे बॉनेट उघडून बघणं, एवढं कुणालाही जमतं. ज्वारीची काढणी झाली की गोठ्याशेजारी उभ्या गाड्यांत उंदीर शिरतातच. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर मोठा घालू नका, तारेचा करदोडा तर मुळीच बांधू नका. त्यातून गाड्या पेटल्या आहेत.

बल्बवाला टेस्ट लॅम्प फ्यूजला ठीक आहे, पण सेन्सरच्या ५ व्होल्टच्या तारेला लावू नका. बल्ब ओढतो तेवढी वीज कंट्रोल युनिटला झेपत नाही. पिवळे कपलर सहसा एअरबॅगचे असतात, ते सोडून द्या. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांत जाड नारिंगी केबल दिसली की हात मागं घ्या. तिथं एसीचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, आणि ते काम त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाचंच आहे.

मामांच्या गाडीचं त्याच संध्याकाळी बघितलं. बंपरमागचा कपलर काढला, दोन टोकं तारेनं जोडली, स्कॅनरवर आकडा उणे ४० वरच राहिला. म्हणजे दोष बहुधा तारेत. कपलरपासून मागं चाचपडत गेलो तर वीतभर अंतरावर वायरिंग बंपरच्या पत्र्यावर घासत होतं. बाहेरून आवरण नीट दिसत होतं, वाकवल्यावर आत काहीच जाणवेना. आवरण चिरलं, तांबं हिरवं पडून तुटलं होतं. गंजलेला भाग कापून नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली आणि वायरिंग पत्र्यापासून लांब बांधलं. स्कॅनरवर ३९ आले. मामांनी एसीचं बटण दाबलं, बॉनेटखालून टक् असा आवाज आला, आणि मामा म्हणाले, "आजीला बोलव गाडीत."